मैनेला घेऊन वऱ्हाडात

भीमाकाठच्या माणसाला वऱ्हाड म्हटले की कापूस आठवतो, घोडा आठवत नाही. म्हणून मी अरबी घोड्यासाठी वऱ्हाडात निघालो आहे असे सांगितले, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना वाटले की मला कोणीतरी बनवले आहे.

पण गोष्ट खरी होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच रीत चालत आली. घोडी आपली, दख्खनची, नर अरबी. त्यांचे जे शिंगरू होते त्याला लोक भीमथडी म्हणतात. अंगाने लहान, खुराने टणक, आणि कडबा मिळो न मिळो, दिवसभर चालणारे. अरबी घोडे आखातातून गलबतावर चढून मुंबईस उतरत, तिथून पुण्यास येत, आणि ओळखीपाळखीने आमच्या माद्यांना नर मिळून जाई. मध्यंतरी साथ आली आणि आमची पागा रिकामी झाली. एक मैना तेवढी वाचली, तीही आता वयाकडे झुकलेली. तिला एखादी मादी झाली तरच पुढे काही उरणार. अशा वेळी पुण्याला गेलो, तर सौदागर म्हणाला, चांगले घोडे आता इकडे येतच नाहीत. अमेरिकेत लढाई लागल्यापासून विलायतेला आपला कापूस हवा आहे, आणि त्या पैशावर वऱ्हाडातले अडते मुंबईच्या बंदरावरूनच घोडे उचलतात. एक अस्सल सब्जा, म्हणजे पांढुरका घोडा, अकोल्यास गेल्याचे त्याने सांगितले.

माघ संपता संपता आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, मैना आणि माझा मेहुणा रामजी. रामजीला घोड्यातले फारसे कळत नाही, पण त्याला नवा मुलूख पाहण्याची आणि तिथले खाण्याची हौस दांडगी. नगर, औरंगाबाद, जालना हा रस्ता पुष्कळांच्या पायाखालचा आहे, तो सोडून देतो.

मेहकरच्या पुढे

मेहकर मागे पडून घाट उतरला की जमीन बदलते. आमच्याकडे माळ, खडक, मध्येच नदीकाठची पट्टी. इथे नजर पोचेल तिथवर काळे रान, आणि त्यात वेचणी संपून उभी राहिलेली कपाशीची वाळकी झाडे. रस्त्याने गाड्यांची रांग तुटत नव्हती. बोराट्या नि बाभळी अशा पांढऱ्या झाल्या होत्या की जणू त्यांनाच बोंडे आली होती. हा सगळा भरल्या गाड्यांतून ओरबाडून निघालेला कापूस. कोणी तो वेचायला थांबत नव्हते, यावरून त्या मुलखात काय चालले होते ते समजावे.

मैनेने कापसाची गाडी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या गाडीला ती बुजली आणि रामजीला घेऊन नाल्यात उतरली. गाडीवान खाली उतरला, रामजीला हात देऊन वर काढले आणि मला विचारले, "हे घोडी कायले आनली, भाऊ? बैल नोयते काय तुमच्या गावात?"

हा प्रश्न पुढे मला गावोगाव ऐकावा लागला. वऱ्हाडी माणसाचा जीव बैलावर. त्या वर्षी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, गळ्यात नवे घुंगूर, पाठीवर रेशमी झुली होत्या. आमच्याकडे पाहुणा आला की पागेकडे नेऊन घोडी दाखवतात. इथे गोठ्यात नेऊन बैल दाखवतात. बोलणेही आमच्यापेक्षा रोखठोक. 'आपण', 'बसावे' असला प्रकार नाही. पहिले दोन दिवस रामजीला वाटले, सगळे आपल्यावर रागावले आहेत. मग त्याच आवाजात त्याला जेवायला वाढले गेले, तेव्हा त्याची समजूत पटली.

अकोला

अकोल्यास आगगाडीच्या सडकेचे काम चालू होते. त्यामुळे मजूर, मुकादम, परप्रांतीय व्यापारी यांनी गाव फुगले होते, आणि उतरायला धड जागा मिळेना. शेवटी मोर्णा नदीच्या काठी एका बाभळीखाली मैनेला बांधून तिथेच बिऱ्हाड केले. बाजारात कापसाचे ढीग घरांच्या आढ्यांपर्यंत गेलेले. लोक त्यांवर बसून सौदे करत होते. सौदा बोलून होत नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून होतो. रामजी ते बराच वेळ टक लावून पाहत राहिला.

सब्ज्या घोड्याची चौकशी केली तर बाजारातल्या प्रत्येकाला तो माहीत होता. पण घोडा अकोल्यात नव्हताच. ज्याने आणला त्याने तो एका बैठकीत अमरावतीच्या सखारामशेठला देऊन टाकला होता. का, तर म्हणे घोडा त्याला चावला.

इतक्या लांब येऊन परत फिरण्यात अर्थ नव्हता. आम्ही अमरावतीची वाट धरली.

खाऱ्या पाण्याचा मुलूख

मुर्तिजापूरच्या अलीकडे एक अडचण आली. पूर्णा नदीच्या त्या पट्ट्यात विहिरींना खारे पाणी लागते. माणसे आणि बैल सवयीने पितात. मैनेने तोंड लावले, नाक फेंदारले आणि मान फिरवली. दुपारी, संध्याकाळी, दोन्ही वेळा तेच. ऊन चढू लागले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या कातडीला चिमटा घेतला तर ती लवकर पूर्ववत होईना. अंगातले पाणी आटल्याची ती खूण.

तिथल्या एका खेड्यात देवराव पाटील म्हणून कास्तकार भेटले. मी त्यांच्याशी पाण्याबद्दल बोलत होतो, तोवर त्यांच्या पत्नीने मैनेकडे एकदा पाहिले आणि गड्याला हाक मारली. त्यांच्याकडे देवपूजेला आणि वरणाला म्हणून नदीचे पाणी गाडीवरून येई. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. ते सगळे रांजणभर पाणी बाईंनी घोडीपुढे ठेवले. मी संकोचून म्हणालो की तुमची डाळ राहील. त्या म्हणाल्या, "आज बेसन खाऊ. ते मुकं जनावर हाय, त्याले कसं सांगता, उद्या पे म्हणून?"

मैनेने रांजण रिकामा केला. आम्ही दोन दिवस तिथेच राहिलो, आणि तिच्यासाठी नदीवरून पाणी येत राहिले. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी असे जेवण झाले. रोडगा फोडून त्यात तूप ओततात. रामजीने किती खाल्ले ते लिहीत नाही. देवरावांनी मला मात्र एकांतात घेऊन सांगितले की सखारामशेठ माणूस वाईट नाही, पण घोडा त्याने पाहण्यासाठी घेतला आहे, बसण्यासाठी नाही.

अमरावती

अमरावतीला दगडी परकोट आहे. अंबादेवीचे दर्शन घेऊन आम्ही अंबा दरवाजाने आत शिरलो आणि शेठचे घर विचारायची गरजच पडली नाही. घराच्या दर्शनी भिंतीवर तो घोडा रंगवलेला होता. चिताऱ्याने आपल्या सवयीचा शिलेदारी घोडा काढला होता: जाड मान, आखूड तोंड, एक पाय वर उचललेला, गळ्यात मोत्यांच्या माळा. बाजूला पोपट आणि केळीचे खांब. चित्र छान होते, पण अरबी घोडा नव्हता.

खरा घोडा मागच्या चौकात होता. कपाळ रुंद, तिथून तोंड निमुळते होत गेलेले, नाकपुडी कागदासारखी पातळ, डोळे मोठे आणि खाली बसवलेले. शेपटी बुडापासून उचललेली. आमच्याकडे घोडा पाहायचा म्हणजे आधी केसांचे भोवरे पाहायचे, कुठला शुभ, कुठला अशुभ. मी सवयीने गळ्यापाशी वाकलो. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, होता. शेठनेही तेवढे पाहूनच घोडा घेतला होता, असे मागून कळले.

"केस काय पाहतोस, हाड पाहा," असे पाठीमागून कोणी म्हणाले. तो सालेम, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटातून घोड्याबरोबर निघाला तो बसरा, मुंबई, अकोला करत इथे आला होता. चाळिशीचा, उंच, तोंडावर कायमची नाराजी. तो मोडक्या हिंदुस्थानीत बोले; मी आपल्या भाषेत लिहितो. त्याने स्वतःची मूठ घोड्याच्या दोन जबड्यांच्या मध्ये घालून दाखवली. ती पूर्ण मावली. जिथे मूठ मावते तिथे श्वास मावतो, असे त्याचे म्हणणे.

मी येण्याचे कारण सांगितले. सालेमने मैनेभोवती एक फेरी मारली, पाय चाचपले, आणि विचारले, हिची आई कोण?

आमच्यात असे कोणी विचारत नाही. बाप कोण, कोणत्या सरदाराच्या पागेतला, हे विचारतात. अरबांत उलटे आहे. तिथे घोड्याचे कूळ आईवरून. हा घोडा सक्लावी कुळाचा, म्हणजे त्या नावाच्या घोडीच्या लेकींच्या लेकीचा. सालेमला त्या सगळ्या आयांची नावे पाठ होती आणि ती त्याने मंत्र म्हटल्यासारखी म्हणून दाखवली. तो म्हणाला, आम्ही नर विकतो. मादी सहसा कोणी विकत नाही.

मी विचारात पडलेला पाहून रामजी पुढे झाला. मैनेची आई अरबी, आजी अरबी, पणजी तर खास बसऱ्याहून आणलेली, असे त्याने धडाधड सांगून टाकले. सालेमने नावे विचारली. रामजीने आपल्या मावश्यांची नावे सांगितली.

मी त्याला थांबवले. मग मला ठाऊक होते ते सांगितले. मैनेची आई साळू. तिची आई लखमी. तिची आई गंगी. आणि गंगीची आई हे वंजाऱ्यांच्या तांड्यातले एक ओझ्याचे तट्टू, तिला नावही नव्हते. माझे पणजोबा लढाईत जखमी झाले, त्यांचा घोडा तिथेच पडला. तांड्यातल्या एका वंजाऱ्याने मिठाची गोणी उतरवून त्यांना त्या तट्टावर घातले, आणि ते तट्टू पणजोबांना घरी घेऊन आले. पणजोबांनी ते परत केले नाही, बदल्यात दोन बैल दिले. आमची पागा तिच्यापासून सुरू झाली.

सालेमने शांतपणे ऐकले. म्हणाला, "तट्टू म्हणजे तट्टूच."

"हो," मी म्हणालो.

"मग मी हा घोडा हिला देणार नाही. मुंबईत मी पाहिले आहे. बाप अरबी असला की आईचे नाव पुसतात आणि अस्सल म्हणून बाजारात उभे करतात. माझ्या घोड्याच्या नावावर खोटे चालू देणार नाही."

रामजीने मला बाहेर नेले आणि सुनावले. "दाजी, चार महिन्यांनी कोण विचारणार होतं? वंजाऱ्याचं तट्टू इथं आणायची काय गरज होती?" त्याचे चुकले असे मला त्या घटकेला म्हणवत नव्हते.

संध्याकाळी शेठची भेट झाली. पोरसवदा चेहऱ्याचे, जाड, हसतमुख गृहस्थ. त्यांचे वडील ह्याच गावात डोक्यावर टोपली घेऊन वांगी-मिरच्या विकत. हे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि सांगताना आवाज खाली आणला नाही. मी सालेमचे म्हणणे सांगितले तर त्यांना मौज वाटली. "घोडा माया हाय का त्याचा? उद्या सकाळी या न् घोडी लावून न्या. त्यात काय इचारून राहिले?"

मालकाचा हुकूम मिळाला होता. सालेमला कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला की उद्या दोर दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. त्या घोड्याला दुसरा कोणी धरू शकत नाही हे त्यालाही दिसत होते आणि मलाही. तरी मी नाही म्हणालो नाही. मला मैनेचे वय दिसत होते.

सकाळी मैनेला घेऊन गेलो तर चौकात गर्दी. घोडा अंग घामाने भिजवून उभा, मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होता, पुढच्या पायाने जमीन उकरत होता. पोटशूळ. आम्ही गेल्यावर रात्री शेठच्या घरी साखरपुड्याचे जेवण होते. सालेम झोपला असताना पाहुण्यांनी कौतुकाने घोड्याला बुंदीचे लाडू भरवले होते, आणि गोठ्यातल्या गड्याने, बैलाला मानवते ते घोड्यालाही मानवेल म्हणून, भिजवलेल्या सरकीची पाटी पुढे ठेवली होती.

घोडा खाली बसू पाहत होता. बसला असता तर लोळला असता, आणि लोळला असता तर आतडे पिळले जाऊन गेला असता. सालेमने डावीकडून धरले होते. मी मैनेला रामजीकडे दिले आणि उजवीकडे गेलो. आम्ही त्याला चालवू लागलो. चौकातून बाहेर, परकोटाच्या कडेने, परत चौकात. घोडा थांबला की सालेम पुढून ओढी, मी मागून रेटी. एकदा तो माझ्या अंगावर कलला आणि भिंतीशी माझा खांदा असा दाबला गेला की अजून थंडीत दुखतो. मी ओवा, हिंग, काळे मीठ यांचा काढा करवला. सालेमने तो हुंगला, चाटून पाहिला, आणि घोड्याचे तोंड वर धरले. बांबूच्या नळीने मी तो घशात ओतला.

शेठ कामावर गेले नाहीत. ओट्यावर बसून होते, बाजाराचे निरोप येत होते ते परत पाठवत होते. दुपारी मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "मले बसता येत नाई त्याच्यावर. एकदाबी नाई बसलो, भेव वाटते. पन रोज सकाळी उठून त्याले पायतो. लहानपनी छावणीतला साहेब असा घोडा घेऊन बाजारातून जाये, न् आमाले टोपली उचलून बाजूले व्हा लागे. वाचन ना तो?"

मी सांगितले की अजून सांगता येत नाही.

उन्हे उतरली तेव्हा घोड्याच्या पोटात गुरगुर सुरू झाली, आणि परकोटाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्याने लीद टाकली. सालेम मटकन खाली बसला आणि कपाळ जमिनीला टेकवले. रामजीने धावत जाऊन शेठना वर्दी दिली. लीद पडल्याचा इतका आनंद मी कुठल्याही घरात पाहिला नाही.

पुढे दोन-तीन दिवस घोड्याला हिरवा चारा आणि कोमट पाणी. ठरलेल्या कामाबद्दल मी बोललो नाही. सालेमच बोलला. आम्ही घोड्याचे अंग चोळत होतो. तो म्हणाला, "शेठ याच्यावर जीव टाकतो, पण हे घर घोड्याचे नाही. एक दिवस पुन्हा कोणी लाडू देईल आणि मी झोपलेला असेन. तेव्हा याचे काही उरणार नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "तू खोटे बोलू शकला असतास. तुझा मेहुणा बोलला. तुझ्या घोडीला जे होईल त्याला अरबी म्हणून विकणार नाहीस, असे सांग."

"भीमथडी म्हणेन," मी म्हणालो. "आणि आई मैना."

"आणि ते तट्टू?"

"तेही सांगेन."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, परकोटाबाहेर एका विहिरीजवळच्या मोकळ्या रानात, मैनेला घोडा दाखवला. शेठने येऊ का विचारले होते. सालेम नको म्हणाला आणि शेठने मुकाट्याने ऐकले. सालेमने घोड्याला लगाम घातलाच नव्हता, नुसता लोकरीचा दोर. आमच्याकडे नराला काटेरी लगामाशिवाय घोडीजवळ नेत नाहीत. इथे तो माणूस हळू आवाजात काही बोलत होता आणि घोडा ऐकत होता.

निघताना सालेम दरवाजापर्यंत आला. मी घोंगडी देऊ केली, त्याने घेतली नाही. मैनेच्या कपाळावर तळवा ठेवला आणि मागे न पाहता परत गेला.

परत

परतीला आम्ही मैनेवर बसलो नाही. रामजी वऱ्हाडापासून भीमेपर्यंत पायी चालला आणि त्याने एकदाही कुरकुर केली नाही, हे त्याच्या बहिणीला मी मुद्दाम सांगितले. खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात देवरावांच्या घरून आमच्यासाठी पखाल भरून दिली गेली. मेहकरच्या घाटात मैनेचा पाय एकदा घसरला. त्यानंतर दोन दिवस मी तिच्या पोटाकडे पाहत चाललो.

पावसाळ्यात तिचे पोट दिसू लागले. पौषात पुण्याकडून बातम्या आल्या, अमेरिकेतली लढाई संपत आली, कापसाचा भाव गडगडला. अकोल्याकडचा एक व्यापारी आमच्या गावावरून गेला, त्याला विचारले. सखारामशेठचा बराच व्यवहार बुडाला होता. घोडे, गाड्या, सगळे काढावे लागले. पण सब्जा त्यांनी लिलावात लावला नव्हता. सालेमला तो तसाच देऊन टाकला आणि सांगितले की तू याला घेऊन जा. दोघे मुंबईच्या वाटेला लागले, एवढे त्या माणसाला ठाऊक होते. गलबत मिळाले की नाही हे मला आजवर कळलेले नाही.

माघात एका पहाटे मैना व्यायली. शिंगरू ओले, काळपट, पाय अंगापेक्षा लांब. उठायला गेले आणि पडले. रामजी पुढे सरसावला, मी त्याचा हात धरला. मैनेने नाकाने ढोसले. ते पुन्हा उठले, पुन्हा पडले, मग चारही पाय फाकवून उभे राहिले आणि आचळ शोधू लागले. मी वाकून पाहिले. मादी होती.

मी घरात जाऊन मुलगी झाली असे सांगितले. त्या दिवशी आम्ही गावभर साखर वाटली. आमच्या घराण्यात मुलगी झाली म्हणून साखर वाटण्याची ती पहिलीच वेळ.